गुडघ्यातलं पाणी

डॉक्टरांनी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला आणि तिच्या गुडघ्यातलं पिवळट, चिकट पाणी नळीत चढू लागलं. तिने तोंड फिरवलं. बाबा मात्र वाकून बघत होते, आमटी पातळ झाली की दाट ते बघावं तसे.

"बरंच निघालं की," ते समाधानाने म्हणाले.

संघातली पहिल्या नंबरची स्मॅशर ती, आणि व्हॉलीबॉलच्या त्या संघाचे कोच बाबाच. घरात बाबा, मैदानावर सर, हा नियम ती शाळेत असताना त्यांनीच घालून दिला होता. चुकून बाबा म्हटलं की मैदानाला फेऱ्या. आज केबिनमध्ये शिरतानाही त्यांनी छाती काढून "मी हिचा कोच" एवढंच सांगितलं होतं आणि डॉक्टरांनी ते तेवढंच धरलं होतं.

सुईच्या जागी पट्टी लावून डॉक्टरांनी पडद्यावर गुडघा दाखवला. हाडाच्या टोकावरची कूर्चा, म्हणजे ती गुळगुळीत गादी, एका जागी पार उडाली होती. खालचं हाड उघडं पडलं होतं. दुखणं इतकं अंगावर काढल्यावर दुसरं काय होणार! जखम लहान असती तर हाडाला बारीक भोकं पाडून भागलं असतं, डॉक्टर म्हणाले. ही मोठी आहे. तिच्याच गुडघ्यातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्या जागी बसवायच्या. मग वर्षभर उडीचं नाव नाही. नुसत्या विश्रांतीने आणि व्यायामाने दुखणं कमी होईल, पण गेलेली गादी परत येणार नाही.

"आणि सूज उतरवणारं इंजेक्शन?" बाबांनी विचारलं. "त्यावर फायनल निघेल ना?"

निघेल, डॉक्टर म्हणाले. दुखणार नाही, म्हणून ती आणखी जोरात उड्या मारेल आणि उरलीसुरली गादीही घालवून बसेल. चाळिशीच्या आत सांधा बदलायची वेळ येईल.

"चाळिशीचं चाळिशीत बघू," बाबा हसले आणि त्यांनी तोच गुडघा थोपटला.

त्या हाताला मलमाचा उग्र वास होता. याच हाताने दर सामन्याआधी गुडघा चोळून, पट्टा आवळून त्यांनी तिला उभं केलं होतं. काही होत नाही गं, म्हणायचे. आणि तीही उभी राहायची, शहाणी कुठली! शी. तिला गुडघ्याची नाही, त्या हाताची किळस आली. आपल्याच बापाच्या हाताची.

ती सज्ञान आहे, निर्णय तिचाच, असं डॉक्टर म्हणाले. पण ऑपरेशन ठरलं तर बरेच दिवस कुबड्या लागतील, कोणीतरी सांभाळायला हवं.

"घरचं कोणी आलंय का बरोबर?"

बाबांनी घसा खाकरला. ती आधी बोलली.

"नाही. सर एकटेच आलेत. ऑपरेशनची तारीख द्या, आईला मी सांगते."

गुडघ्यावरचा हात तिथेच थांबला. मग हळूच उचलला गेला.

डॉक्टरांनी मान हलवली आणि अगदी अदबीने ते बाबांकडे वळले.

"मग सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

बाबा उठले. दाराशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. ट्रेमधला कापूस घेऊन ती गुडघा पुसत होती. सुईची जागा सोडून, त्यांचा हात होता तिथे.