मोजून आणलेला बॉक्स

छिन्नीचा दुसराच घाव तिरका बसला आणि पलंगाच्या डोक्याशी भिंतीचा मोठा पोपडा सुटून खाली आला. वायरमननं जीभ चावली. एरवी डोळे मिटून करायचं काम. दुपारी वडील दवाखान्यातून घरी यायचे होते. त्याआधी त्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी पॉइंट तयार हवा होता आणि खोलीत धुळीचा कण उरायला नको होता.

आई ओलं फडकं घेऊन मागेच उभी होती.

"अजून किती राहिलंय?"

"झालंच. बॉक्स बसवला की वायरी ओढायच्या."

"बघू, कुठला आणलायस."

त्यानं पत्र्याचा बॉक्स पुढे केला. चार मॉड्यूलचा, म्हणजे चार बटणं मावतील एवढाच. मशीनचं सॉकेट दोनांची जागा खाणार, एक त्याचं बटण, एक आईला बोलवायच्या बेलचं. हिशेब चोख होता. सकाळी दुकानात त्यानं वरच्या मापाचा बॉक्स हातात घेऊन परत ठेवला होता.

आईनं बॉक्स उलटसुलट करून पाहिला. वायरमनची बायको आणि वर वायरमनची आई, तिला काय कपाळ शिकवणार! लागेल त्याच्या वरचाच बॉक्स घ्यायचा, हा वडिलांचा धडा घरात सगळ्यांना पाठ होता. कोंबलेल्या वायरी तापतात, आणि माणसाला उद्या काय लागेल ते आज कुणाला ठाऊक? गिऱ्हाइकानं कितीही कुरकुर केली तरी दोघा बापलेकांनी मोजका बॉक्स कधी बसवला नव्हता.

"आणि उद्या त्यांना रेडिओ लावावासा वाटला तर? उशाशी दिवा?"

"भिंत पातळ आहे गं."

"रुंद बॉक्सला भिंतीची जाडी कशाला लागते रे?"

तो छिन्नीचं टोक अंगठ्यानं पुसत राहिला.

"म्हणजे फार दिवस नाहीत हे डॉक्टरांनी तुलाही सांगितलं तर," आई म्हणाली.

त्यानं छिन्नी खाली ठेवली. "तुला कधी..."

"परवाच. तुला कळू नये म्हणून जिवाचा नुसता आटापिटा चाललाय माझा."

दोघंही एकमेकांकडे बघेनात. मग तिनं बॉक्स त्याच्या हातात परत ठेवला.

"हा बदलून आण आधी. घरात पाऊल टाकलं की त्यांची नजर पहिली ह्याच्यावरच जाईल, आणि तेही ओळखतील."

त्यानं चपला पायात सरकवल्या. दारापाशी थांबला.

"सहाचा आणू?"

"आठाचा," आई म्हणाली, आणि खाली बसून पोपडे वेचू लागली.