पाऱ्यापुढे खोटं चालत नाही

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचं एक जुनं यंत्र आहे. पत्र्याची पेटी, नळीतला पारा आणि दंडाला बांधायचा कापडी पट्टा, एवढाच माझा संसार. बोईसरच्या एका कारखान्यातल्या दवाखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. उंचावर चढणाऱ्या प्रत्येकाला आधी माझ्यासमोर बसावं लागतं. पूर्वी मला रोज पुसायचे. आता नळीवर धूळ बसते, पट्टाही विरलाय.

त्या सकाळी रूपेश आला. आदल्याच दिवशी कारखान्याची धुराची उंच चिमणी रंगवताना त्याचा जोडीदार धीरज त्याच्या डोळ्यांदेखत खाली पडला होता. जीव वाचला, पाय मोडला. उरलेलं काम आता रूपेशला करायचं होतं.

"मला काय नाय झालं, सिस्टर. लवकर सोडा," तो हसत म्हणाला.

हेमांगी सिस्टरांनी पट्टा बांधून हवा भरली. तोंड हसत होतं, पण दंड थरथरत होता. पारा पार वर असतानाच ठोके धडधडू लागले. म्हणजे रक्तदाब भलताच वाढलेला. हा असा वर चढला तर?

"याला चढू देणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

दारात ठेकेदार कुशलशेठ उभे होते. ते भडकलेच. "मशीन म्हातारं झालंय तुमचं! भंगारात टाका. पोरगा ठणठणीत हाय."

सिस्टरांनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला. "माझा नेहमीचाच आकडा आला. मशीन बरोबर आहे, शेठ." मग त्यांनी रूपेशच्या खांद्यावर हात ठेवला. "झोप लागली का रे?"

रूपेशचं हसू गळालं. "डोळे मिटले का धीरज पडताना दिसतो. हात गार पडतात. पन नाय म्हटलं तर काम कोन देईल?" आणि तो ओक्साबोक्शी रडला.

रडू ओसरल्यावर सिस्टरांनी पुन्हा मोजलं. रक्तदाब उतरला होता, पण पुरेसा नाही. रूपेशने स्वतःच बाही खाली केली. "आज नाय चढनार, शेठ. पाय ऐकत नाय."

कुशलशेठ ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आपली बाही वर सारली. "काल धीरजला मीच घाईने चढवला. माजा पन बीपी बघा."

मित्रांनो, मन जे लपवतं ते अंग बोलून टाकतं. कुणाचा हात थरथरताना दिसला तर त्याला घाबरट म्हणू नका, जवळ बसवा. आणि माझा हा विरलेला पट्टा तेवढा बदला. कुशलशेठच्या दंडावर तो उसवतो की काय असं वाटलं, इतका तो दंड थरथरत होता.