कलम तेराचा लाल दिवा

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोरची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. नव्या कॉपीराइट कायद्याचा मसुदा जाहीर झाला आणि दुकानात बसणाऱ्या ‘कवचवाल्यां’चा भाव वधारला. ते एकेक फोन काळ्या पेटीवर ठेवत, डोळे मिटून “कलम तेरा, पोटकलम दोन” असं पुटपुटत, की पेटीवर लाल दिवा!

“आत चोरीचं गाणं आहे. कायदा आला की थेट तुरुंग!” मग पैसे मोजले की फोनला त्यांचं चंदेरी कवच चिकटे आणि दिवा हिरवा होई. लोक हात जोडत.

रांगेत माझी वहिनीही होती.

“ताई, तुझा दादा जुनी गाणी म्हणायचा ना, ते व्हिडिओ मी इंटरनेटवर टाकलेत. हे कवचवाले ते पुसूनच टाका म्हणाले. त्यांवर कवच चालत नाही.”

दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. माझं डोकंच सणकलं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. मसुदा अक्षरन् अक्षर वाचला होता.

“काही पुसू नकोस,” म्हटलं आणि थेट पुढे घुसले. पाकिटासारखं मिटणारं माझं फोनचं कव्हर पेटीवर ठेवलं.

लाल दिवा!

“अरेरे! शेकडो गाणी चोरलीत बाई तुम्ही!”

मी कव्हर उघडलं. आत फोनच नव्हता.

“कव्हर कधीपासून गाणी चोरायला लागलं?”

“लहरी... लहरी मागे राहतात.”

दिवा लागताना पेटीजवळच्या कवचवाल्याचा पाय सतरंजीवर दाबलेला मी पाहिला होता. “मग जरा पाय वर घेऊन बसा.”

तो हलेना. रांगेतल्या शिवणकामवाल्या मावशींनी खाली वाकून सतरंजीच उचलली. “अगं बाई, हे तर पायाने दाबायचं बटण!” त्याची वायर पेटीत गेली होती.

गडबडीत कवचवाले मागच्या दाराने सटकले.

“म्हणजे धोका काहीच नाही?” रांगेतल्या पेपरवाल्याने मला विचारलं.

“तुरुंग हा शब्द मसुद्यात कुठेच नाही. जबाबदारी टाकलीय ती बड्या संकेतस्थळांवर. पण दंडाच्या भीतीने ती आपले साधे व्हिडिओही उडवतील, हा खरा धोका. अजून हा कायदा नाही, प्रस्ताव आहे. शुक्रवारपर्यंत हरकती पाठवता येतात.”

वहिनीने डोळे पुसले. “कागद दे. पहिली हरकत माझी.”

त्या दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही मसुदा मोठ्याने वाचला. कायदा पटला नाही तर भांडा, जरूर भांडा. पण आधी तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा!