मूळ घर आणि त्याचा विस्तार

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. पण ही म्हण करणाऱ्यांनी घरासाठी सरकारी मदतीचा अर्ज भरून पाहिलेला नसावा. नाहीतर म्हण बरीच लांबली असती आणि तिला दोन परिशिष्टं जोडावी लागली असती.

ब्रेकबाईंनी तो अर्ज भरला होता. त्या गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक वेळेवर दाबायचा, हा धंदा. अकरा वर्षांत पायाला इतकी सवय झाली होती की घरीसुद्धा कोणी वेडंवाकडं बोललं की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा. नवऱ्याशी बोलताना जास्तच.

मदत कक्षाच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे 'पान तीन' म्हणत. काहीही विचारलं तरी त्या माहितीपुस्तिकेचं पान तीन दाखवत. आज मात्र त्यांनी पान दाखवलं नाही. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "पहिल्या घराची मदत तुम्हाला नाही मिळणार. तुमच्या नावावर घर आहे."

"माझ्या?"

"तुमच्याच. चौतीस वर्षांपासून."

ब्रेकबाईंचं वय चौतीस वर्षं दोन महिने होतं.

शेजारी उभा असलेला नवरा चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा. त्याने आपला चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बायकोकडे नव्याने पाहिलं. "सात वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतोय. छत गळतं तिथे बादली ठेवतोय. आणि बाईसाहेबांचं स्वतःचं घर आहे."

ब्रेकबाईंचा पाय फरशीवर दाबला गेला.

"नवऱ्याने एकट्याने अर्ज केला तर?" त्यांनी विचारलं.

"जोडप्यातल्या कोणाच्याच नावावर घर नसावं. पान तीन."

"विकून टाकलं तर?"

"गेल्या पाच वर्षांत नावावर घर असलेला माणूससुद्धा चालत नाही. तेही पान तीन." त्या जरा हळहळल्यासारख्या दिसल्या. "पण कुठे आहे हो हे घर? इथे पत्त्यात नुसतं 'धक्का' लिहिलंय."

धक्का तर सगळ्यांनाच बसला होता, पण पत्ता नदीच्या धक्क्याचा होता.

आता परिस्थिती अशी होती. एका दंतवैद्याचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी ठरवला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि समोर ऐसपैस बाल्कनी. एकरकमी मदत आणि करातली सवलत मिळाली तरच तो त्यांच्या आवाक्यात येणार होता. नाहीतर बादली होतीच. दंतवैद्य सज्जन होता. म्हणाला होता, "उघड्या तोंडाकडे बघत थांबायची मला सवय आहे. पण तीस तारखेपर्यंत. पुढे दुसरं गिऱ्हाईक आहे." आज अकरा तारीख होती.

आपल्याला माहीत नसलेलं आपलं एक घर आहे, ही गोष्ट कळल्यावर एखादा माणूस आधी चिडला असता. ब्रेकबाईंना आधी कुतूहल वाटलं. त्याला खिडक्या किती असतील? आत कोण राहत असेल? थेट कक्षातूनच त्या आत्याकडे गेल्या, कारण माहेरच्या बाजूचं आता एवढंच माणूस उरलं होतं आणि ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचं असून कुणाचं काही विसरत नव्हतं.

"असेल की," आत्या म्हणाली. तिने भाजी निवडणं थांबवलं नाही. "तुझ्या आजोबांची केबिन. फेरीबोटीची तिकिटं फाडायची. एकतीस वर्षं बसले त्यात. मग पूल झाला, बोट बंद पडली, केबिनीचा लिलाव निघाला. आजोबा म्हणाले, ही मी परक्याला देणार नाही. पण लिलावात अट होती, ज्याच्या नावावर घर नाही त्यानेच बोली लावायची."

"मग?"

"मग काय? आजोबांचं घर होतं. तुझ्या बापाचं होतं. माझं लग्न झालेलं. घरात बेघर अशी तूच एक. दोन महिन्यांची. तुझा अंगठा लावला."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तुला तेव्हा सांगितलं होतं. तू झोपलेली होतीस."

चष्मेवाला नवरा हसू दाबत होता. आत्याने त्याच्याकडे वळून विचारलं, "काय हो जावईबापू, तुम्हाला घर मिळालं म्हणून आनंद झाला का?"

"त्या घरामुळेच घर मिळत नाहीये, आत्या."

"सरकारचं डोकं हिच्या आजोबांसारखंच चालतं म्हणायचं," असं म्हणून आत्याने उठून डब्याच्या तळातून एक किल्ली काढून दिली.

केबिन पुलाखाली अजून उभी होती. लाकडी, चार फूट लांब, साडेतीन फूट रुंद, वर पत्रा. पुढच्या बाजूला काच, आणि काचेला बोलण्यासाठी गोल भोक. रोज वरून हजारो गाड्या जात होत्या. ब्रेकबाई स्वतः तिथून शिकाऊ लोकांना नेत आणि 'खाली बघू नका, समोर बघा' असं ओरडत. त्यामुळे खाली काय आहे ते त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

कुलूप तेलाशिवाय उघडलं. आत एक स्टूल, तिकिटांचं अर्धं उरलेलं भेंडोळं, डबीत वाळलेली शाई आणि तारखेचा शिक्का. आजोबांनी शेवटचं तिकीट फाडलं त्या दिवसाचीच तारीख त्यावर अडकून बसली होती. ब्रेकबाई स्टुलावर बसल्या. काचेतून नदीचा नेमका तेवढा तुकडा दिसत होता जेवढा एका माणसाला दिवसभर पुरेल.

नवरा बाहेरून भोकाला तोंड लावून म्हणाला, "बाई, यात संसार कसा मांडायचा?"

"यात तू मावत नाहीस, हे मला आत्ताच आवडायला लागलंय."

पण त्या 'मावत नाहीस'वरूनच दोघांना आशा वाटली. हे घर नव्हेच, असं सरकारने मान्य केलं की प्रश्न मिटला. तसा अर्ज दिल्यावर सातव्या दिवशी मोजणीसाहेब आले. पाच फुटांचे, नीटनेटके, बगलेत वही आणि एक घडी केलेली चटई.

"टेप नाही आणली?" चष्मेवाल्याने विचारलं.

"टेपने लांबी कळते, झोप कळत नाही," साहेब म्हणाले. "नियम असा आहे की ज्या छपराखाली प्रौढ माणूस पाय लांब करून झोपू शकतो, ते घर. म्हणून मी झोपून बघतो. गेल्या वर्षी एकशे बारा ठिकाणी झोपलो."

त्यांनी स्टूल बाहेर ठेवलं, बूट काढले आणि चटई तिरकी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात अंथरली. मग आडवे झाले, दार आतून ओढून घेतलं. ब्रेकबाई भोकातून बघत राहिल्या. साहेबांचे पाय लांब झाले. अंगठे भिंतीला लागले न लागले असे राहिले. त्यांनी डोळे मिटले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पुलावरून गाड्यांचा एकसुरी आवाज येत होता, खाली पाणी चुळूकचुळूक करत होतं.

"मोजतायत का?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"घोरतायत."

चाळीस मिनिटांनी साहेब बाहेर आले. चेहरा अगदी ताजातवाना. वहीत लिहीत म्हणाले, "अभिनंदन. घर आहे. उत्तम घर आहे. एकशे तेरा ठिकाणांत मला फक्त इथेच झोप लागली."

"साहेब, मी साडेपाच फुटांची आहे. मी झोपून दाखवू? माझे पाय बाहेर येतील."

"नियमात 'प्रौढ माणूस' एवढंच आहे. मी प्रौढ आहे. बेचाळीस वर्षांचा." त्यांनी बुटाची नाडी बांधली. "उंचीबद्दल मला लहानपणापासून ऐकवतात. नोकरीत पहिल्यांदाच तिचा उपयोग होतोय, बाई."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी घर नुसतं नोंदीत होतं, आता सही-शिक्क्याने सिद्ध झालं.

त्या संध्याकाळी बादलीत थेंब पडत होता आणि चष्मेवाला ते थेंब मोजत होता. ब्रेकबाई मात्र माहितीपुस्तिका घेऊन बसल्या. बासष्ट पानांची ती पुस्तिका आजवर कोणी पान तीनच्या पुढे वाचल्याचं ऐकिवात नव्हतं. पण शिकाऊ लोकांना त्या रोज सांगत, रस्त्याच्या कडेची प्रत्येक पाटी वाचा, मग गाडीला दोष द्या. शिवाय पुढे काय असेल ही उत्सुकता होतीच. पान एकोणीसवर पावसाचं पाणी साठवणाऱ्यांना मदत होती. नवरा बादलीकडे बघून म्हणाला, "ही धरतील का?" त्यांनी पान उलटलं. पान सत्तेचाळीसवर त्यांचा पाय फरशीवर जोरात दाबला गेला.

"मी काही बोललो नाही," नवरा म्हणाला.

"तू नाही. हे ऐक. 'ज्यांच्या नावावर छोटं घर आहे, त्यांना घराच्या विस्तारासाठी मदत मिळेल.' रक्कम तीच. करसवलत तीच. अट काय, तर विस्ताराची एक भिंत मूळ घराला लागून हवी."

"केबिन नदीवर आहे. फ्लॅट चार किलोमीटर लांब आहे. एवढी लांब भिंत..."

"भिंत कशाला लांब करायची? केबिन लाकडाची आहे."

नवऱ्याने चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिला. "लग्नाआधी तू मला हे असलं काही सांगितलं नव्हतंस," शेवटी तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पान तीनबाईंनी पुस्तिका पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "घर हलवू नये असं कुठे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेक कोणाच्या डोक्यात आलं नसावं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उभं राहिलं की मला बघायला बोलवाल का?"

दंतवैद्याची परवानगी काढायला दोन मिनिटं लागली. फ्लॅट विकण्याआधी बाल्कनीत घर ठेवू का, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "दात बसवण्यासारखंच आहे. हलायला नको म्हणजे झालं."

केबिनीच्या फळ्या आठ बोल्टांवर होत्या. त्या उघडून छोट्या टेम्पोत घातल्या, लिफ्टने तीन खेपांत वर नेल्या आणि बाल्कनीत पुन्हा उभ्या केल्या. मागची भिंत बैठकीच्या भिंतीला अशी टेकवली की मध्ये कागदही जाणार नाही. फ्लॅटमध्ये शिरायचं दार नेमकं बाल्कनीतूनच होतं. त्यामुळे येणाऱ्याला आधी केबिन लागायची, मग बाकीचं.

अठ्ठावीस तारखेला मोजणीसाहेब आले तेव्हा दंतवैद्य, पान तीनबाई आणि चष्मेवाला जिन्याशी उभे होते. साहेबांनी केबिन ओळखली. ओळखीचं माणूस भेटावं तसे बघत राहिले. मग वही उघडली.

"मूळ घर?"

ब्रेकबाईंनी केबिनीकडे बोट केलं.

"आणि हा?" साहेबांनी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराकडे मान वळवली.

"हा विस्तार."

साहेबांनी भिंत तपासली, सांध्यावरून नख फिरवलं. "लागून आहे. एकच शेवटची बाब. मूळ घर वापरात हवं. नुसतं शोभेला ठेवलेलं चालत नाही. वापराचा पुरावा काय?"

हे पान कोणी वाचलं नव्हतं. ब्रेकबाईंचा पाय फरशी दाबून राहिला, पण गाडी काही थांबेना. दोन दिवस उरले होते.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. सकाळपासून 'जरा बसून बघते' म्हणून केबिनीत गेलेली आत्या स्टुलावर ताठ बसली होती.

"रांग सोडून उभं राहू नका," भोकातून आवाज आला. "कुठे जायचंय?"

साहेबांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि पुढे झाले. "विस्तारात."

"किती जण?"

"एकटाच."

आत्याने भेंडोळ्यातून तिकीट फाडलं, शाईवर थुंकून शिक्का मारला आणि भोकातून सरकवलं. "सांभाळून ठेवा. परत येताना दाखवावं लागतं."

साहेबांनी तिकीट उजेडात धरलं. वहीतला नियम वाचला. पुन्हा तिकीट पाहिलं. "तारीख चौतीस वर्षांपूर्वीची आहे."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "तेव्हापासून वापरात आहे."

साहेबांनी तिकीट टाचणीने वहीला लावलं आणि खाली लिहिलं, 'पुरावा जोडला'. मग सही केली. पान तीनबाईंनी पदराने डोळे पुसले. नियमाने एखादी गोष्ट झाली की त्यांना भरून यायचं.

साहेब बूट काढून आत निघाले आणि दारात घुटमळले.

"बाई, एक विचारू? मूळ घरात पुन्हा कधी मोजणी करायची असली तर..."

"चटई आणा," ब्रेकबाई म्हणाल्या. "पण आधी खिडकीवर विचारून या."