शेणाचा जाळ

कोपरी गावात एमिलियाच्या चुलीला मान होता. काड्यापेटीवर पैसे कोण घालवणार? सकाळ झाली की शेजारणी खापर घेऊन दारात हजर. "इस्तव हाय का गो?" यायच्या दोन निखाऱ्यांसाठी आणि बसायच्या तासभर. नवरा गेल्यापासून तिच्याशी बोलायला तेवढ्याच होत्या.

मुलगा बॉस्को मुंबईला नळकाम करायचा. तिथल्या एका इस्पितळात मैल्याच्या बंद टाकीतल्या वायूवर दिवा जळताना त्याने पाहिला, आणि धुराने लाल झालेले आईचे डोळे त्याला आठवले. रजेत येऊन त्याने परसात खड्डा बांधला. त्यात शेण, भाजीची देठं, मासळीची घाण पाण्यात कालवून ओतली आणि वर लोखंडी पिंप पालथं घातलं.

"आत वारा शिरू द्यायचा नाय, आय. वाऱ्याबिगर कुजलं का त्यातना जळणारी हवा निंगते."

दिवस गेले तसं पिंप आपोआप वर उचललं गेलं. पिंपातून चुलीपर्यंत आणलेल्या नळीला काडी लावली तर भक्कन निळा जाळ! पोरगा खूश होऊन मुंबईला परतला.

दुसऱ्या दिवशी शेजारची सबीना खापर घेऊन आली. एमिलियाने सवयीने चुलीत चिमटा घातला. जाळ होता, निखारा कुठला? लाकूडच नाही तर धगधगणार काय!

"जाळ ने," ती खुळ्यासारखी बोलून गेली.

"जाळ काय पदरात बांदू?" सबीना हसली आणि पुढच्या घरी क्लाराकडे गेली. हळूहळू सगळ्याच तिकडे जाऊ लागल्या. भांडण नाही, तंटा नाही, नुसती पायांची वाट बदलली. एमिलियाचे डोळे निवळले, आणि त्या निवळलेल्या डोळ्यांनी ती दिवसभर रिकामं दार बघत बसायची. पिंप काढून टाकावं तर पोराची माया मोडल्यासारखं. तिला फार एकटं वाटायचं.

शेवटी एका सकाळी तिने नळीच्या जाळावर भात ठेवला, खापर घेतलं आणि क्लाराचं दार गाठलं.

"इस्तव हाय का गो?"

"तुला कशाला? तुज्याकडं तं फुकटचा जाळ!"

"नळी तुंबली," एमिलिया बेधडक खोटं बोलली.

"मंग बस की जरा."

ती बसली. सुनेच्या कागाळ्या, मासळीचे भाव, सगळं पोटभर ऐकलं. घरी आली तेव्हा निळ्या जाळावर भात शिजून करपायला आला होता. तिने पायरीवरच खापरातले निखारे पाणी ओतून विझवले आणि उद्या काय तुंबलं म्हणून सांगायचं, याचा विचार करत एकटीच जेवायला बसली.