कातरीचा हेवा

मी एक जुनी कातर आहे, मेंढ्यांची लोकर कातरणारी. लोहाराने मला एकाच लोखंडी पट्टीतून घडवलं. मुठीत दाबलं की पाती मिटतात, सोडलं की आपोआप उघडतात. मालकिणीच्या बाबांनी मला वीस वर्षं वापरलं. त्यांच्या अंगठ्याचा खळगा अजून माझ्या अंगावर आहे. "मेंढीच्या अंगावर लोकरीचा कण ठेवायचा नाही," हा त्यांचा शिरस्ता. मेंढी गुळगुळीत झाली की लोक कौतुक करायचे. लोकर पोत्यांत भरून विकली जायची.

मग, मित्रांनो, घरात सूत कातायची टकळी आली. एक काडी, खाली एक चकती, बस्स! पण मालकीण तिला पदराने पुसायची आणि मी गोठ्यातल्या खिळ्याला गंजत लटकायची. बाबांचे पाय आता सदा गार पडत. थंडीआधी त्यांना घरच्या लोकरीचे मोजे करायचेच, असं मालकिणीने मनावर घेतलं होतं.

"मोजे होईपर्यंत उन्हाळा येईल," तिचा नवरा म्हणाला.

"मग तुम्हीच घाला उन्हाळ्यात!"

पण सूत हातभर निघालं की तुटे. सात दिवस तुटलं. खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बरं झालं, मिरवत होती!

आठव्या दिवशी विणकरीण मावशी आली. तिने लोकरीची एक बट दोन्ही हातांनी ताणली. तळहातावर बारीक तुकडे गळले.

"अगं, टकळीला कशाला बोल लावतेस? ही लोकर दोनदा कापलीय, म्हणून तिचे तुकडे झालेत."

"बाबांनी तसंच शिकवलंय. राहिलेलं पुन्हा साफ करायचं."

"पोत्यात भरून विकायला चालतं ते. सुताला लांब तंतू लागतात, तेच एकमेकांना धरून ठेवतात. आणि तुझी कातर बोथट आहे बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गुळगुळीतपणाचा मला गर्व, त्यानेच सूत तुटत होतं.

कळपात एकच मेंढी कातरायची उरली होती, नुकतीच व्यालेली काळतोंडी. मालकिणीने मला दगडावर घासलं, तेल दिलं. मेंढीच्या पोटाशी मी टेकले तेव्हा वाईट विचार आलाच. जरा वर उचलले गेले, की लोकर तोकडी, मोजे नाहीत आणि टकळी अडगळीत! पण मालकिणीचा अंगठा नेमका बाबांच्या खळग्यात बसला होता. मी कातडीलगत, एका फटक्यात चालले. राहिलं ते राहू दिलं.

"पाठीवर पायऱ्या ठेवल्यास की गं!" बाबा ओरडले.

"असू द्या, बाबा. दुसरा हात फिरवायचा नाही."

सूत तुटलं नाही. पहिल्या थंडीत बाबांच्या पायांत मोजे आले. एक जरा लांब, एक आखूड. त्यांनी अंगठ्याने लोकर चाचपली.

"सूत छान कातलंयस हो," ते म्हणाले.

टकळी कोनाड्यात ऐटीत उभी होती. माझं नाव कुणी काढलं नाही. मित्रांनो, हेवा अजून वाटतो, खोटं का बोलू? तुमच्याही घरात खिळ्याला एखादं जुनं हत्यार लटकत असेल. त्याचं कौतुक करायला विसरलात तरी चालेल. धार लावायला तेवढी विसरू नका.