भुंडी पान्हा सोडेना

त्या सकाळी भुंडीनं लाथ मारून बादली थेट भिंतीवर उडवली. बादलीत होतं तरी काय म्हणा, तळाला चार थेंब. शेजारच्या सुनेनं ती उचलली, पुसली आणि गाईला नको नको ते बोलत पुन्हा तिच्या कासेशी बसली. मी भांडं घेऊन गोठ्याच्या दाराशी उभी होते. रोजचं दूध मी त्यांच्याकडूनच घेते, पण दोन दिवस रिकामीच परत जात होते.

"आंबोण घातलं, वासरू लावलं, कोमट पाण्यानं कास धुतली," सून म्हणाली. "आता हिच्या पाया पडायचं तेवढं राहिलंय."

"आज तरी उतरायला हवं गं. कास बघ कशी तटतटलीय. अशीच राहिली तर सुजेल, मग गाय कायमची आटेल."

"मला काय सांगतेस. आत म्हातारीच्या घशाखाली दुधाशिवाय काही उतरत नाही."

म्हातारी म्हणजे तिची सासू. परवा तिचं एक अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. तोवर धार काढायची ती तीच, आणि प्रार्थना म्हणत काढायची. जपमाळ धरायला हात मोकळे नसत, म्हणून मण्यांच्या जागी सड मोजायची बिचारी. नाताळच्या आधीचा आगमनकाळ लागला की तिची प्रार्थना ठरलेली. 'ये प्रभू, ये. तुझी लेकरं अंधारात बसलीत. उशीर लावू नकोस.' भुंडी यंदा पहिल्यांदाच व्यायली, तीही आगमनकाळाच्या तोंडावर. धार म्हणजे हे शब्द, एवढंच त्या जनावराला ठाऊक.

माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. मी म्हटलं, "अगं, ती प्रार्थनेची वाट बघतेय. म्हणून बघ."

सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर घरी गेली असती.

"मी नाही म्हणणार."

"का?"

"तुला माहीत नाही का? म्हातारीचा मुलगा, माझा नवरा, कामाला म्हणून गेला तो गेलाच. त्याला ये ये म्हणता म्हणता माझ्या तोंडाची चव गेली. आता वरच्याला कशाला बोलवू? तोही यायचा नाही."

ती चर्चची पायरी चढत नाही म्हणून गावातल्या बायका तिला नावं ठेवतात. मला तिचा कधी राग आला नाही. तेवढ्यात आतून म्हातारीचं कण्हणं ऐकू आलं. ते भुकेचं होतं, दोघींनाही कळलं.

सुनेनं डोळे मिटले आणि बाजाराची यादी वाचावी तसं म्हणाली, "ये प्रभू, ये. तुझी लेकरं अंधारात बसलीत."

भुंडीनं कान हलवले. पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली.

"थांबू नकोस," मी हळूच म्हटलं.

ती म्हणत राहिली. त्या ओळी तिला पाठ होत्या, पुढचं काही येत नव्हतं. मग पुढचं तिचं तीच जुळवायला लागली. "ये. उशीर लावू नकोस. तुझं ताट झाकून ठेवते. दाराला कडी लावत नाही मी. थकले रे आता, ये." हात चालू होते, दूध फेसाळत वर येत होतं आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात मोकळे नव्हते. ती कोणाला बोलावत होती, मला सांगता येणार नाही. बहुतेक तिलाही आता वेगळं करता येत नसावं.

सड मोकळे झाले. भुंडी वैरणीकडे वळली. मी बादली उचलून आत नेली, म्हातारीला चमच्यानं दूध पाजलं, तिचं तोंड पुसलं. परत आले तर सून अजून तिथेच, कपाळ गाईच्या कुशीला टेकून बसलेली.

"ऊठ आता. झालं की गं," मी म्हटलं.

"गाईचं झालं," ती म्हणाली, आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.